प्रभुभोजन

* प्रभुभोजन : क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली, द्राक्षरसाचा प्याला दिला. त्याच्या मरणाची आठवण ख्रिस्ती मंडळी याच विधीतून जागवते.

बुलढाणा, खामगाव, मलकापूर हा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या वऱ्हाडातील जुन्या कामाचा टापू. या परंपरेत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होत नाही. समजत्या वयात विश्वास कबूल करून तो घ्यायचा असतो. प्रभुभोजनाचेही तसेच. म्हणून भाकरीची थाळी पुढे सरकली की धाकटी लेकरे ‘मला का नाही?’ असे विचारतात. ‘येशूनं आपल्यासाठी जीव दिला, हे तुला उमगलं की तूही घेशील,’ हे उत्तर त्यांना धीर देते आणि खरेही असते.

कॅथलिकांत पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रभुभोजन घेण्याचे वय सुमारे सात वर्षे ठरवले. नेहमीच्या भाकरीहून ही निराळी, इतके मुलाला कळायला हवे, अशी अट घातली.