‘बर्फाइतकें पांढरें’
पळसदरीहून आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें होतें कीं, श्रावणांत घाटावरून कोसळणारें पाणी ‘बर्फाइतकें पांढरें’ दिसतें. बर्फ कोठें पाहिला, असें विचारतांच तो ओशाळला. संस्कृत कवींनींहि हिमाची उपमा दिली आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. पण या मुलाचा बर्फ हिमालयांतला नव्हता, इंग्रजी क्रमिक पुस्तकांतला होता.

ही आयात जुनी आहे. आगगाडी १८५६ सालीं पळसदरीवरून खोपोलीस गेली व १८६३ सालीं बोरघाट चढली. त्याच सुमारास मराठी गद्यहि नव्या रुळांवरून चालूं लागलें होतें. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ त निघाला, आणि शाळांतील मराठी पुस्तकें कँडीसाहेबांच्या नजरेखालून जाऊं लागलीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ त ‘निबंधमाला’ काढून इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले खरे. परंतु त्यांचीं स्वतःचीं लांब, तोलून धरलेलीं वाक्यें मेकॉले-जॉन्सन यांच्या वाचनांतूनच घडलीं होतीं. यांत आम्हांस विसंगति वाटत नाहीं.

कारण येथें दोन गोष्टींची गल्लत होते. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींतील ‘जैसें-तैसें’ अनोळखी तत्त्व ओळखीच्या वस्तूजवळ आणून बसवितें. साम्य पटलें कीं त्याचें काम झालें. दोन राजे, दोन ग्रंथ वा दोन मतें समोरासमोर मांडून प्रत्येकाचें उणेंअधिक पाहण्याची निबंधकाराची रीत मराठी गद्यांत रुजली, ती मुख्यतः इंग्रजी वाचनानें. ‘एकीकडे’, ‘दुसरीकडे’, ‘याच्या उलट’ हे शब्द घरचेच. त्यांना नवें काम मिळालें, एवढेंच. तो लाभ आम्ही कां नाकारावा? मात्र ‘त्या मानानें लहान’ हें हाताशीं असतां ‘तुलनात्मकदृष्ट्या लहान’ लिहिणें, किंवा एका वहींत आम्हीं पाहिलें त्याप्रमाणें ‘दुसऱ्या हातावर’ असें म्हणून नवें वाक्य आरंभणें, हा निव्वळ आळस होय.

तें पाणी तुला घरच्या कशासारखें दिसतें, असें आम्हीं त्या मुलास पुन्हा विचारलें. “चुलीवर पेज उतूं जाते ना, तसें,” तो म्हणाला, आणि लगेच, “पण असें लिहिलेलें चालतें का, सर?”

घरीं येऊन आम्हीं आमचा एक जुना लेख काढला. घाटांतील रेल्वेच्या कामगारांवर तो लिहिला होता. पहिल्याच पानावर आमचा गँगमन ‘मधमाशीइतका उद्योगी’ होता.