विद्यापीठीय संशोधनातून नवउद्योग : जर्मनीतील मुद्रित सूक्ष्मभिंगांचा इतिहास

काच घासून व तिला चकाकी देऊन भिंग बनविण्याची कला कित्येक शतके जुनी आहे. भिंग ‘छापण्याची’ कल्पना मात्र अलीकडची. प्रयोगशाळेतील अशा कल्पनेचा उद्योग होण्यास किती काळ लागतो आणि त्या काळाचा खर्च कोण सोसतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात कार्ल्सरुह व स्टुटगार्ट या दोन विद्यापीठनगरांच्या अनुषंगाने केला आहे.

एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जाऊ शकतात, हा सिद्धांत मारिया ग्योपर्ट-मायर यांनी गॉटिंगेन येथील आपल्या प्रबंधात मांडला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा प्रायोगिक पडताळा लेसरच्या शोधानंतर, १९६१ मध्ये मिळाला. (ग्योपर्ट-मायर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र अणुकेंद्रकाच्या रचनेवरील संशोधनासाठी.) १९९७ मध्ये ओसाका येथील कावाता व सहकाऱ्यांनी या तत्त्वाने त्रिमितीय सूक्ष्म वस्तू घडविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि २००१ मध्ये अवघ्या १० मायक्रोमीटर लांबीचा बैल घडवून दाखविला. लेसरचा झोत जेथे एकवटतो तेवढ्याच बिंदूवर द्रव राळ घट्ट होते. बिंदू सरकवीत नेला की आकार सिद्ध होतो, आणि उरलेली राळ धुऊन टाकता येते.

कार्ल्सरुह येथे मार्टिन वेगेनर यांच्या गटाला भिंगे नव्हे, तर प्रकाशीय स्फटिक हवे होते. त्यासाठी विकसित केलेल्या तंत्रातून २००७ मध्ये ‘नॅनोस्क्राइब’ ही कंपनी निघाली. तिने विकावयास घेतले ते छपाईचे यंत्र. आणि आरंभीची गिऱ्हाइके होती प्रामुख्याने विद्यापीठे व संशोधन संस्था. म्हणजे सार्वजनिक पैसा येथे दोनदा खर्ची पडला : एकदा संशोधनासाठी, पुन्हा खरेदीसाठी. नवउद्योगांच्या गौरवगाथांत हा दुसरा खर्च सहसा दिसत नाही. २००८ मध्ये कार्ल झाइस कंपनीने नॅनोस्क्राइबमध्ये भांडवल गुंतविले. १८६६ पासून येना विद्यापीठातील एर्न्स्ट आबे यांच्या गणिताच्या आधारे वाढलेल्या कंपनीने असे करावे, यात नवल नाही.

मध्यंतरी कायदाही बदलला होता. २००२ पूर्वी जर्मन प्राध्यापकाचा शोध त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर विद्यापीठाला त्यावर हक्क सांगता येऊ लागला व संशोधकाला उत्पन्नातील ३० टक्के वाटा ठरला. नवउद्योग काढणाऱ्यास त्यामुळे प्रथम आपल्याच संस्थेशी बोलणी करणे भाग पडले.

भिंगांची पाळी नंतर आली. २०१६ मध्ये स्टुटगार्ट विद्यापीठातील गिसिब्ल, थीले, हेर्कोमर व गीसेन यांनी नॅनोस्क्राइबच्याच यंत्रावर, प्रकाशतंतूच्या टोकावर मावेल असे अनेक भिंगांचे संयुग छापले. घासून घडविताना अवघड ठरणारा वक्राकार छपाईत विशेष अडचणीचा नसतो. अडचण असते ती वेळेची, कारण प्रत्येक भिंग बिंदूबिंदूने लिहावे लागते. २०२० मध्ये अॅडलेड व स्टुटगार्टच्या संशोधकांनी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक एंडोस्कोप प्रसिद्ध केला. त्याच वर्षी स्टुटगार्टमध्ये ‘प्रिंटऑप्टिक्स’ ही भिंगे छापून देणारी कंपनी स्थापन झाली. यंत्राची कंपनी निघाल्यापासून तेरा वर्षे लोटली होती. नॅनोस्क्राइब मात्र २०२१ मध्ये बिको या स्वीडिश समूहाच्या मालकीची झाली, आणि २०२४ मध्ये ‘लॅब१४’ या जर्मन समूहाकडे गेली.