ड्यूपाँचा लायटर आणि सावंतवाडीची लाख

१/ जुन्या, दुर्मीळ लायटरांचे संग्राहक आज जगभर आहेत. वस्तू जपली की तिच्यामागची कलाही जपली जाते का, हा प्रश्न त्यांच्या कपाटापाशी उभा राहतो. त्याचे एक उत्तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीच्या राजवाड्यात सापडते.

२/ गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडायची आणि ती कापसावर झेलायची, हे चकमकीचे जुने तंत्र. १९०३ मध्ये ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी लोह आणि सिरियमच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. हलक्या घर्षणानेही ती ठिणग्या देई. चकमक आता खिशात मावू लागली.

३/ १९२०च्या दशकात वाइज आणि ग्रीनवुड या दोघा इंग्रजांनी एका हाताने पेटणारा लायटर घडवला. त्याचा पहिला नमुना मोहरीच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला होता! लंडनच्या डनहिल कंपनीने ती कल्पना उचलली आणि त्याच यंत्रणेला चांदी-सोन्याचा साज चढला.

४/ फ्रान्सची ड्यूपाँ कंपनी मुळात उंची चामडी सामान बनवणारी. कंपनीच्या इतिहासानुसार, पतियाळाच्या महाराजांनी तिच्याकडून शंभर हातपेट्या मागवल्या आणि प्रत्येकीत एक सोन्याचा लायटर हवा, अशी अट घातली. १९४१ मध्ये आलेल्या ड्यूपाँच्या पहिल्या खिशातल्या लायटरचे मूळ या मागणीत सांगितले जाते.

५/ ड्यूपाँचे पुष्कळ लायटर ‘चिनी लॅकर’ने मढवलेले असतात. हा एका झाडाचा चीक असतो. तो दमट हवेत हळूहळू कठीण होतो. त्याचे थरावर थर हाताने चढवावे लागतात. म्हणूनच संग्राहक यंत्रणेइतकेच या थराकडेही बारकाईने पाहतो. तडा गेला, टवका उडाला की मोल उतरते.

६/ असाच चमकदार थर चढवणारी कला सावंतवाडीत जुनी आहे. फरक मूळ पदार्थाचा. आपली लाख झाडाच्या चिकापासून होत नाही. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक कीटकांचा तो स्राव असतो. ही कला सांभाळली चितारी समाजाने.

७/ या कलेचा सर्वांत नाजूक आविष्कार म्हणजे गंजिफा, अर्थात हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते. एकूण १२०. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू.

८/ चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा, प्रत्येक पत्ता कुंचल्याने रंगवायचा आणि वर लाख चढवायची. एका जोडासाठी हे सारे १२० वेळा.

९/ १८३०च्या दशकात लंडनमध्ये टॉमस डी ला रू यांनी पत्ते रंगीत छापण्याचे तंत्र रूढ केले. पुढे ५२ पानांचा स्वस्त छापील जोड भारतभर पसरला आणि गंजिफा मागे पडली. लायटरांवरही हीच वेळ आली. १९७३ मध्ये बिक कंपनीचा वापरून फेकण्याचा लायटर आला. रोजच्या वापरातून गेलेली वस्तू मग संग्राहकाच्या हाती लागते.

१०/ गंजिफालाही असा संग्राहक लाभला. रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये जर्मनीतून मुंबईत आले आणि येथे कलासमीक्षक म्हणून नावारूपाला आले. त्यांनी भारतभरच्या गंजिफा जमवल्या, अभ्यासल्या. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पत्ते वाचले, त्यांची नोंद झाली.

११/ पण काचेआडचा पत्ता नवा पत्ता रंगवत नाही. त्यासाठी हात लागतो. सावंतवाडीत गंजिफा जाणणारे हात संपत आले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ही कला समजून घेतली. सत्त्वशीलादेवींनी स्वतः कुंचला हाती धरला.

१२/ १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजाश्रयाचा काळ सरत असताना राजवाड्याचा दरबार कारागिरांची कार्यशाळा झाला. तरुण मुले-मुली तेथे रंगकाम शिकू लागली.

१३/ शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. त्यांच्यामागेही दरबारात गंजिफा रंगवली जाते. संग्राहकाने वस्तूचे आयुष्य वाढवले, हे त्याचे ऋण मोठेच. पण कलेचे आयुष्य वाढते ते कोणीतरी ती शिकतो आणि कोणीतरी तिचे दाम मोजतो तेव्हाच. सावंतवाडीने या दोन्ही गोष्टी वेळेवर केल्या.