तंजावरची नवविद्या आणि पंतोजींचे सात रुपये

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. तेथील पालैवननाथाच्या मंदिरात नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे. कावेरीकाठच्या या भातशेतीच्या मुलखावर व्यंकोजीराजांपासून भोसले घराण्याची सत्ता होती. शिक्षणात काय शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे आणि शिकवणाऱ्यास काय द्यावे, हे आज नव्या धोरणाच्या निमित्ताने पुन्हा विचारले जाणारे प्रश्न या मुलखात दोनशे वर्षांपूर्वीच उभे राहिले होते.

सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला व राजांकडे किल्ला, वाडा आणि तनखा एवढेच उरले. तलवार गेलेल्या या राजाने विद्येचा संसार थाटला. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढल्यामुळे युरोपीय शास्त्रांशी त्यांचा परिचय होता. पण त्या परिचयापायी त्यांनी घरची विद्या अडगळीत टाकली नाही. 'नवविद्या कलानिधि' या त्यांच्या शाळेच्या नावातच नवी विद्या आणि जुनी कला शेजारी बसल्या आहेत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना अन्न मिळे, तसेच मुलांना विनामूल्य शिक्षणही मिळे.

पाठ्यपुस्तकांची निकड त्यांनी ओळखली होती. वाड्यात देवनागरी छापखाना उभा राहिला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे सख्खन पंडितांनी केलेले मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापून निघाले. त्याहून नवलाची गोष्ट 'देवेंद्र कुरवंजी'ची. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी स्त्री नायिकेचा हात पाहते. सरफोजींच्या मराठी कुरवंजीत या प्रकारातून जगाचा भूगोल सांगितला आहे, खंड आणि देश गाण्यातून उलगडतात. विषय पाश्चात्त्य, साचा तमिळ, भाषा मराठी! 'कृतियुक्त अध्ययन' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे.

तरीही या उपक्रमाची मर्यादा झाकून चालणार नाही. तो राजाच्या आवडीवर आणि राजाच्या तनख्यावर उभा होता. आसपासच्या खेड्यांतील बहुसंख्य मुलांची भाषा तमिळ. ती ओसरीवरच्या 'तिण्णै' शाळेत, वाळूत अक्षरे गिरवून आणि ताडपत्रे वाचून शिकत. त्या ओसरीवर बसलेल्या पंतोजींचा विचार दरबारापेक्षा मद्रासच्या गव्हर्नरानेच अधिक केला.

टॉमस मन्रो यांनी २५ जून १८२२ रोजी इलाख्यातील देशी शाळांची पाहणी करण्याचा हुकूम काढला. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या माहितीची बेरीज १२,४९८ शाळा व १,८८,६५० विद्यार्थी अशी झाली. मार्च १८२६ च्या टिपणात मन्रो यांनी दुखण्यावर नेमके बोट ठेवले: शिक्षकाची महिन्याची कमाई सहा-सात रुपयांपलीकडे जात नाही, आणि एवढ्यावर लायक माणूस या धंद्यात येणार नाही. शिक्षक तयार करण्याची व्यवस्था आणि तहसीलवार शाळा त्यांनी सुचविल्या. तहसील शाळेच्या शिक्षकास नऊ रुपये व जिल्ह्याच्या शाळेत पंधरा रुपये पगार ठरविला. अभ्यासक्रमाची चर्चा शिक्षकाच्या पगारापासून सुरू करणारा हा प्रशासक आजही एकटाच वाटावा!

१८२७ मध्ये मन्रो गेले, १८३२ मध्ये सरफोजी. १८३५ मध्ये मेकॉले यांच्या टिपणानंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला आणि मद्रास इलाख्यातील तहसील शाळा लवकरच गुंडाळल्या गेल्या. मुंबईत मात्र झुंज झाली. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरून बसले, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जार्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लढविली. शंकरशेटांच्या पाठीशी मराठी शिकणारी मुले आणि मराठी बोलणारा समाज होता. तंजावरच्या मराठीला असा आधार फक्त वाडा, दफ्तर आणि काही घराणी यांचा होता.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले व संस्थान खालसा झाले. सरस्वती महालातील ग्रंथ आणि मोडी दफ्तर उरले. तंजावरच्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात. मराठी त्यांना आजीच्या तोंडून मिळते.