वार, बोर्डिंग आणि पंगत

शिक्षणाच्या इतिहासात शाळा-कॉलेजांच्या स्थापनेची साले सापडतात, संस्थापकांची तैलचित्रे सापडतात. परंतु परगावाहून शिकावयास आलेला मुलगा रात्री कोठे निजत होता आणि दोन वेळा कोठे जेवत होता, याची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः अनेकांचे शिक्षण या दुसऱ्या प्रश्नाशीच अडत असे. हुमनाबादसारख्या गावांतून उच्च शिक्षणासाठी हैदराबाद, सोलापूर वा पुणे गाठणाऱ्या पिढ्यांना हे निराळे सांगावयास नको.

जुन्या काळी या प्रश्नाला दोन उत्तरे होती. एक माधुकरी आणि दुसरे वार. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवावयाचे, आणि एखादा वार रिकामा राहिला तर पाणी पिऊन अभ्यासास बसावयाचे! या व्यवस्थेने असंख्य निर्धन ब्राह्मण विद्यार्थ्यांना तारले. मात्र ती जातीच्या सोवळ्यात बांधलेली होती. शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या मुलाला शहरात वार देणारे घर मिळणे दुरापास्त होते. अस्पृश्य गणलेल्या मुलाच्या बाबतीत तर उंबरठ्यापाशीच सारे संपत असे.

राजर्षी शाहू महाराजांनी ही गोष्ट नेमकी हेरली. १८९४ साली राज्यकारभार हाती घेतल्यावर त्यांनी प्रथम सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह असावे, असा प्रयत्न करून पाहिला. राजाराम कॉलेजला जोडलेले वसतिगृह नियमाने सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात थोड्याच काळात तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांखेरीज कोणी उरले नाही. दार उघडे असून चालत नाही; आत गेल्यावर पानावर कोणाशेजारी बसावयाचे, हे ठरलेले असते. महाराजांनी मग वाट बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली वीरशैव लिंगायत बोर्डिंग, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी ही मालिका पुढे चालली. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव या शेवटच्या वसतिगृहाला दिलेले होते. शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशा समाजांची घरेही उभी राहिली. सर्व मिळून ही संख्या वीसाच्या पुढे गेली. महाराजांनी कोठे जागा दिली, कोठे इमारत, कोठे वार्षिक अनुदान. मुस्लिम शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद तर त्यांनी स्वतःच स्वीकारले. कोल्हापुरात दसरा चौकात उभे राहिले की यांतील काही वास्तू आजही एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर दिसतात.

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांच्या नावांची विद्यार्थी-बंधुमंडळे असतात. त्यांतील फाय बीटा काप्पा १७७६ साली निघाले. पुढे अशा अनेक मंडळांनी राहण्या-जेवण्याची स्वतःची घरे बांधली. तेथे सभासद नव्या सभासदाची निवड करतात. कोल्हापूरच्या बोर्डिंगात ही निवड जन्मानेच झालेली असे. म्हणूनच त्या वेळी आणि नंतरही आक्षेप निघाला की, जातवार घरे बांधून जाती मोडतील कशा? आक्षेप पोकळ नव्हता. परंतु टीकाकारांपैकी बहुतेकांना शहरात जेवणाची भ्रांत नव्हती, हेही विसरता येत नाही. ज्या समाजाच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, त्याला आपल्या मुलासाठी वर्गणी काढावयास लावणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, आणि ती जातीच्या नावानेच शक्य होती.

या आक्षेपाचे खरे उत्तर मात्र एका बोर्डिंगातीलच मुलाने दिले. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. त्यांचे पूर्वज कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या उद्घाटनाला भाऊराव हजर राहिले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची आज्ञा झाली, ती त्यांनी मानली नाही, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. पुढे त्यांना आश्रय मिळाला तो खुद्द महाराजांच्या वाड्यात. एका घराने दुसऱ्या घराच्या उद्घाटनाला गेल्याबद्दल मुलाला बाहेर काढावे आणि दोन्ही घरांच्या आश्रयदात्याने त्याला जवळ करावे, यात त्या साऱ्या योजनेचे बळ आणि उणेपण दोन्ही दिसते.

भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे महार, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे झाले. कल्याणच्या शरणांचा दासोह आणि माणिकनगरचे अन्नदान ज्यांच्या परिचयाचे आहे, त्या बीदर-कलबुर्गीकडील वाचकाला या पंगतीचे मोल वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. फरक इतकाच की, येथे भक्तांऐवजी विद्यार्थी बसले होते आणि उद्या सकाळी त्यांना गणिताचा तास होता.

ही पंगत चालविणे सोपे नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सनातनी वळणाच्या सधन घरातून आलेल्या; सोवळ्याचे संस्कार खोलवर. तरी त्या सर्व जातींच्या मुलांच्या आई झाल्या. मुलांच्या जेवणासाठी एकेक करून दागिने गेले, आणि एके दिवशी घरात धान्य नसताना मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा वसतिगृह चालू होते.