नेसणें आणि दिसणें

आमच्या आजीची एक तक्रार असे. उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही मुलें गांवीं गेलों म्हणजे संध्याकाळीं ती ओसरीवर बसून रस्त्यानें येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत असे आणि मधूनच म्हणे, "अलीकडे नेसण्यावरून माणूस ओळखूंच येत नाहीं बाई. कोण कुणाची, कांहीं पत्ता लागत नाहीं!" ती निष्ठुर बाई नव्हती, दारीं आलेल्या कोणासहि तिनें विन्मुख पाठविल्याचें मला आठवत नाहीं. स्वतः तिला चारचौघांत जावयाचें असलें म्हणजे ती आरशासमोर बराच वेळ उभी राही, निऱ्या पुन्हां पुन्हां सारख्या करी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेई, आणि आम्हां मुलांचे केंस पाणी लावून चापून बसवी. 'नीट दिसावें' हा तिच्या घरचा अलिखित कायदा होता. तिची ती तक्रार म्हणजे वृद्ध माणसांच्या नित्याच्या कुरकुरीपैकीं एक, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. पुढें इतिहासाचें अध्यापन करूं लागल्यावर मला कळून आलें कीं, आजी नकळत एका फार मोठ्या घडामोडीवर अभिप्राय देत होती.

वेषभूषेचा इतिहास आपल्याकडे हौसेचा विषय समजला जातो. लढाया, तह, सनदा यांना ग्रंथांत मान. लुगडीं, पगड्या आणि जोडे यांना संग्रहालयांतील कांचेचीं कपाटें. परंतु मनुष्य घराबाहेर पाऊल टाकतो तेव्हां तो काय बोलतो याच्या आधीं तो कसा दिसतो हें लोकांच्या नजरेंत भरतें, आणि त्या एका नजरेंत त्याला बसावयास पाट द्यावयाचा कीं अंगणांतच उभें ठेवावयाचें, याचा निकाल लागून जातो. हा निकाल लावण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीं आपल्या देशांत जे तंटे झाले त्यांपैकीं कांहीं येथें सांगावयाचे आहेत.

पायांतल्या जोड्यांचा तंटा त्यांतल्या त्यांत जुना. १८६२ सालीं सुरतेच्या न्यायालयांत माणेकजी कावसजी एन्टी नांवाच्या पारशी गृहस्थांनीं जोडे काढण्याचें नाकारलें आणि त्या प्रकरणाचा बराच गवगवा झाला. जोडे बाहेर काढून आंत जाणें ही आपलीच चाल. घरीं, देवळांत, वडील माणसांसमोर आपण ती आनंदानें पाळतों. पण समोरच्या साहेबानें स्वतः बूट घालून खुर्चीवर बसावें आणि आपण मात्र अनवाणी उभें राहावें, म्हणजे ती चाल राहत नाहीं, हुकूम होतो. कृति तीच, ती आपण होऊन केली कीं करावयास लाविली, एवढाच भेद. वाचकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. पुढें तो आपणांस पुन्हां भेटणार आहे.

पुरुषांचा प्रश्न जोड्यांपाशीं अडला. स्त्रियांचा तर उंबरठ्यापाशींच अडलेला होता. सनदी नोकरींत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर यांची मुंबई इलाख्यांत नेमणूक झाली आणि १८६४ सालीं त्यांनीं पत्नी ज्ञानदानंदिनी यांना कलकत्त्याहून बरोबर नेण्याचें ठरविलें. तेव्हां घरांत पहिली अडचण उभी राहिली ती ही कीं, या सूनबाईंनीं प्रवासांत नेसावें काय? बंगालच्या खानदानी घरांतील स्त्रिया अंतःपुराबाहेर पडतच नसत. घरांत त्या अंगाभोंवतीं एकच साडी गुंडाळीत, आंत चोळी वा परकर नाहीं. बाहेर जाणें नाहीं तेथें बाहेरचा वेष कोठून असणार? अखेर एका फ्रेंच दुकानांतून कांहीं तरी 'पौरस्त्य' म्हणावयाचा पोषाख शिवून घेण्यांत आला, आणि तो असा विलक्षण निघाला कीं, बाईंना तो स्वतःच्या हातानें चढवितांहि येईना. मुंबईस आल्यावर त्यांनीं पारशी स्त्रियांची नेसण्याची तऱ्हा पाहिली, ती उचलली, आणि तींत एक फेरफार केला: पारशिणींचा पदर उजव्या खांद्यावर येई, तो यांनीं डाव्या खांद्यावर नेला, म्हणजे उजवा हात कामास मोकळा राहावा. आंत परकर आणि अंगांत पोलकें. बंगाली लोकांनीं या नेसणीला मुंबईचेंच नांव दिलें. आज सर्व हिंदुस्थानभर जी साडी 'आपली परंपरागत' म्हणून मिरविली जाते, तिच्या घडणींत या प्रयोगाचा वांटा मोठा आहे. परंपरा म्हणून ज्या वस्तूंचा आपण कैवार घेतों त्यांचें वय विचारावयास आपण सहसा धजत नाहीं, हें एका अर्थीं बरेंच आहे.

महाराष्ट्रांतील स्त्रियांना लाजेखातर नवा पोषाख शिवावा लागला नाहीं. नऊवारी लुगडें व चोळी हा बाहेरचाहि वेष होताच. येथें नजर खुपली ती निराळ्याच ठिकाणीं. आनंदीबाई जोशी मुंबईंत शाळेंत जाऊं लागल्या तेव्हां हातांतील पुस्तकांइतकेच त्यांच्या पायांतील बूट आणि मोजे लोकांच्या डोळ्यांवर आले. १८८३ सालीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें त्यांनीं इंग्रजींत जें व्याख्यान दिलें, त्यांत त्यांनीं हा अनुभव सांगितला आहे: लोक खिडकींतून डोकावत, कोणी गाडी थांबवून पाहत, आणि बुटामोज्यांनिशीं शाळेंत चाललेली ही कोण, असें त्यांना ऐकूं जाईल अशा बेतानें हंसत. वय अजून अठराहि पुरें नाहीं. त्याच व्याख्यानांत आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, आपल्या राहणींत चैन वाढविणार नाहीं, अशी ग्वाही त्यांनीं दिली. पुढें अमेरिकेंत त्या आहारानें आणि आचारानें शब्दाला जागल्या, पण नेसणें मात्र बदललें. नऊवारींत कासोट्यामुळें मागून पोटऱ्या दिसतात. पुण्यास यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नसे, तिकडे मात्र स्त्रीचा घोटा दिसला तरी सभ्यतेचा भंग होत असे. शिवाय थंडी. आनंदीबाईंनीं गुजराती पद्धतीची पायघोळ साडी पत्करली. १८८५ सालीं फिलाडेल्फियाच्या वैद्यकशाळेंत घेतलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, अशा तिघी आपापल्या देशच्या वेषांत आहेत. तें मी वर्गांत दाखवितों तेव्हां विद्यार्थी त्यांतील 'खरा' वेष शोधूं लागतात. मला त्यांत तीन हुशार मुली दिसतात, ज्यांनीं परक्यांच्या नजरेचा हिशेब करून, पण तिच्यापुढें संपूर्ण मान न तुकवितां, सकाळीं आपला वेष नीट केला आहे.

आनंदीबाई १८८६ सालीं पदवीधर झाल्या व १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. त्यानंतर एका वर्षानें त्याच पुण्यांत एक प्रसंग घडला. राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट त्या वेळीं मुंबईच्या सैन्याचे सेनापति होते. त्यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनीं १८८८ सालीं जो समारंभ केला, त्यास ठेवणींतले अंगरखे आणि जडजवाहीर घालून प्रतिष्ठित मंडळी जमली असतां जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषांत तेथें गेले; आणि या दागिन्यांवरून राणीसाहेबांच्या प्रजेची परीक्षा करूं नये, खरी प्रजा खेड्यांत आहे, अशा अर्थाचें भाषण त्यांनीं ड्यूकसमोर केलें. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार, पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे १८७६ ते १८८३ पर्यंतचे सभासद. चांगला अंगरखा त्यांच्या घरीं नव्हता असें नाहीं. म्हणूनच त्या वेषाला अर्थ आला. १९२१ सालीं मदुरेस गांधीजींनीं पंचा स्वीकारला, त्यालाहि याच कारणानें अर्थ आला. ज्याच्याजवळ वस्त्र आहे त्यानें तें टाकलें तर ती वाणी होते. ज्याच्याजवळ नाहीं त्याचें उघडें अंग ही नुसती स्थिति असते, तिच्याकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. माझे विद्यार्थी सांप्रत गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या विजारी दाम मोजून विकत घेतात. त्यांना मी हंसत नाहीं. फक्त वर्गांतील कोणता विद्यार्थी तसली विजार कधींच घालीत नाहीं, इकडे माझें लक्ष जातें. त्याच्या शर्टाची इस्त्री सहसा मोडलेली नसते.

आतां महाड. १९२७ सालच्या मार्चमध्यें चवदार तळ्याचें पाणी घेण्यांत आलें आणि डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली. २५ डिसेंबरास मनुस्मृतीचें दहन झालें, आणि इतिहासाच्या पुस्तकांत या परिषदेची जी नोंद असते ती बहुधा तेथेंच संपते. परंतु याच परिषदेंत डॉ. आंबेडकर स्त्रियांना उद्देशून वेगळें बोलले, आणि तें भाषण मला त्या अग्नीइतकेंच महत्त्वाचें वाटतें. लंडनची डी.एस्‌सी. पदवी मिळविलेला हा बॅरिस्टर त्या बायांपुढें कशाविषयीं बोलला? लुगडें कसें नेसावें याविषयीं. तुमची नेसण्याची तऱ्हा हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती पुसून टाका. गुडघ्यापर्यंत वर खोंचलेलें लुगडें खालीं घोट्यापर्यंत सोडा, यांत खर्च कांहींच नाहीं. गळ्यांत ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे वा चांदीचे दागिने नकोत. एक गळसरी पुरे. दागिना घालावयाचाच तर सोन्याचा, नाहीं तर मुळींच नको. स्वच्छ राहा. मुलींना शाळेंत घाला. असा त्या उपदेशाचा सारांश. आणि नवल हें कीं, त्याचा अंमल तेथल्या तेथें झाला. महाडचे कायस्थ प्रभु सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनीं पुढें होऊन या बायांना नवी नेसण दाखविली, आणि परिषदेहून घरोघर परतण्यापूर्वींच कित्येकींनीं लुगडीं त्या तऱ्हेनें नेसून घेतलीं.

तेंच कापड, तीच लांबी. चिखलांतून, काट्याकुट्यांतून डोईवर भारा घेऊन चालणारी बाई लुगडें वर खोंचते तें कामाच्या सोयीसाठीं, यांत संशय नाहीं. पण सोय ही कालांतरानें खूण होते, आणि खूण एकदां पटली म्हणजे ती सुटीच्या दिवशींहि, जत्रेंतहि, अंगावरून उतरूं देत नाहींत. कांहीं विद्वान् यांत वरच्या जातींचें अनुकरण पाहतात. मला तें पटत नाहीं. अनुकरण करणाऱ्याला दुसऱ्यासारखें म्हणून मिरवावयाचें असतें. येथें मागणें एवढेंच होतें कीं, रस्त्यानें जातांना माझी जात माझ्याआधीं पुढें चालूं नये.

आजीची तक्रार मला येथें आठवली, आणि वाचतां वाचतां मी पुस्तक मिटलें. "कोण कुणाची, कांहीं पत्ता लागत नाहीं!" महाडच्या मांडवांत जें साधावें म्हणून सांगितलें गेलें, तेंच पन्नास वर्षांनीं आमच्या ओसरीसमोरच्या रस्त्यावर साधलें होतें, आणि तें साधल्याची पावती आजी रोज संध्याकाळीं कुरकुरत देत होती. तिला नीटनेटकेपणा प्रिय होता. पण तो सर्वांनाच प्रिय असावा, ही गोष्ट तिच्या कायद्यांत बसत नव्हती. आम्ही मुलें तिच्या बोलण्यावर हंसत असूं. त्या हंसण्यांत मीहि होतों.

महाडची परिषद होऊन आठवडा-पंधरवडा होतो न होतो तोंच, १९२८ च्या जानेवारीच्या आरंभीं, मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियांत इंदूर संस्थानाकडील एक बातमी आली. आंबेडकरांनीं १९३६ च्या आपल्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणांत ती नमूद केली आहे. होळकरांच्या राज्यांत, इंदूर जिल्ह्यांत, कनारिया, बिचोली-हपसी, बिचोली-मर्दाना आणि आणखी पंधराएक गांवांतील सवर्णांनीं बलाई जातीच्या लोकांस कळविलें कीं, गांवांत राहावयाचें असेल तर पुढील नियम पाळावे लागतील: बलाईंनीं जरीकांठी पगड्या बांधूं नयेत. रंगीत वा नक्षीच्या किनारीचीं धोतरें नेसूं नयेत. त्यांच्या बायकांनीं सोन्याचांदीचे दागिने घालूं नयेत, शोभेचे झगे वा कंचुक्या वापरूं नयेत. शिवाय लग्नांत वाजंत्री वाजवावीं, दूरच्या नातलगांस मृत्यूची वर्दी पोहोंचवावी, मोबदला न मागतां चाकरी करावी, वगैरे.

दागिने उतरवा, असें महाडासहि सांगितलें होतें आणि इंदुराकडेहि. एका ठिकाणीं बायांनीं ते आपल्या हातांनीं उतरविले. दुसऱ्या ठिकाणीं बलाईंनीं हुकूम मानण्याचें नाकारलें. तेव्हां त्यांना गांवच्या विहिरी बंद झाल्या, गुरें चारावयास मनाई झाली, सवर्णांच्या जमिनींतून जाणेंयेणें बंद झालें. त्यांनीं दरबाराकडे अर्ज केले; वेळेवर दाद लागली नाहीं. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या गांवांत राहिले तीं सोडून शेंकडों बलाई बायकामुलांसह धार, देवास, बागली, भोपाळ आणि ग्वाल्हेर या शेजारच्या संस्थानांत निघून गेले.