कीटकनाशकजन्य विषबाधा

कीटकनाशकजन्य विषबाधा : पिकांवरील किडींच्या नाशासाठी वापरलेली रसायने माणसाच्या शरीरात गेल्याने होणारी बाधा. ही द्रव्ये त्वचा, श्वास व अन्न यांवाटे शरीरात शिरतात. यवतमाळ, परभणी यांसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत या विषबाधेची झळ मुख्यतः फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर यांना पोहोचते.

डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म पाउल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये शोधला. त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डीडीटी दीर्घकाळ टिकते व प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. भारतात शेतीतील तिचा वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला. मोनोक्रोटोफॉससारखी कार्बनी फॉस्फरस संयुगे तुलनेने लवकर विघटन पावतात; तथापि ती तत्काळ अधिक घातक असतात. ती तंत्रिकांच्या कार्यास आवश्यक अशा ॲसिटिलकोलीन-एस्टरेज या एंझाइमाची क्रिया रोखतात. परिणामी घाम व लाळ सुटते, बाहुल्या आकुंचन पावतात, स्नायू थरथरतात व अखेर श्वसन बंद पडू शकते. ॲट्रोपीन हा यावरील प्रमुख उतारा होय.

केरळमध्ये १९५८ साली पॅराथिऑनने दूषित झालेले अन्न खाल्ल्याने शंभरांवर माणसे दगावली. या दुर्घटनेच्या चौकशीनंतर कीटकनाशक अधिनियम, १९६८ हा कायदा झाला. १९७१ च्या नियमांनी वेष्टनावर विषारीपणाची तीव्रता दर्शविणारे लाल, पिवळे, निळे व हिरवे त्रिकोण आणि हाताळणाऱ्यांसाठी संरक्षक पोशाख बंधनकारक केले.

नियम व प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उघड झाले. बीटी वाणांना गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती, तर रसशोषक किडींवर त्या वाणांचा मुळातच परिणाम नव्हता. त्यामुळे फवारण्या वाढल्या. माणसाच्या उंचीच्या कपाशीत, उष्ण व दमट हवेत, अनेकदा दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून फवारताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि सु. वीस जण मृत्यू पावले. अनेकांजवळ हातमोजे वा मुखवटा नव्हता. घामाने भिजलेल्या अंगावर जाड पोशाख घालून दिवसभर राबणेही दुष्कर होते.

ग्रामीण बोलीत कीटकनाशकास ‘औषध’ म्हणतात. या नावाने त्याचे विषपण झाकले जाते. डब्यावरील लाल त्रिकोण शेतातल्या मजुरापर्यंत पोहोचतोच असे नाही, कारण डबा विकत घेणारा व पाठीवर पंप घेणारा पुष्कळदा वेगळा असतो. म्हणून अतिविषारी द्रव्ये वापरातून काढणे, फवारणीची गरजच कमी करणारे एकात्मिक कीडनियंत्रण आणि जवळच्या रुग्णालयात तत्काळ उपचार हेच खरे संरक्षण होय.